आमची वाटचाल : कॅम, स्प्रिंग आणि हेडचा एकच हिशेब

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात वडिलांनी सुरू केलेल्या आमच्या वर्कशॉपात पहिली अनेक वर्षे शेतावरच्या ऑईल इंजिनांचीच कामे येत असत. तापून वाकलेले हेड (सिलिंडरवरचे झाकण, ज्यात व्हॉल्व्ह बसतात) मिलिंगला, म्हणजे खालचा फेस कापून सपाट करायला, घेतले की फेस स्वच्छ होईल तेवढाच धातू काढायचा, त्याहून एक कणही जास्त नाही, ही वडिलांची शिस्त होती. त्यामुळे हेड मुद्दाम जास्त मिल करून मागणारा पहिला ग्राहक आला, तेव्हा ते काम घ्यावे की नाही यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. त्याच्याकडे मारुती जिप्सीचे 1298 सीसीचे, सोळा व्हॉल्व्हचे इंजिन होते आणि रॅलीसाठी त्याला जास्त ड्युरेशनचा कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा उंचवट्यांचा दांडा, बसवायचा होता.

असा कॅम इनलेट व्हॉल्व्ह उशिरा बंद करतो. त्यामुळे इंजिन कमी फेऱ्यांवर असताना वर येणारा पिस्टन काही मिश्रण मागे ढकलतो, दाब घटतो आणि गाडी जोर धरत नाही; ही उणीव भरून काढण्यासाठी कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण किती पट दाबले जाते ते गुणोत्तर, वाढवावे लागते. एका सिलिंडरचे साधारण 325 सीसी आणि पिस्टन वर असताना उरणारी जागा, गॅस्केटची जाडी धरून, 40 सीसी भरली. म्हणजे गुणोत्तर 9.1 झाले. बोअर (सिलिंडरचा व्यास) 74 मिलिमीटर असल्याने अर्धा मिलिमीटर धातू काढल्यावर सुमारे 2 सीसी कमी होतात आणि गुणोत्तर 9.5 च्या वर जाते. हा हिशेब आम्ही नीट केला, कामही चोख झाले.

चूक झाली ती व्हॉल्व्ह बंद करणाऱ्या स्प्रिंगमध्ये, आणि ती सर्वस्वी आमची होती. जास्त फेऱ्यांवर व्हॉल्व्हने कॅमचा पाठलाग सोडू नये म्हणून आम्ही मिळाल्या त्यांतल्या सर्वांत कडक स्प्रिंगा निवडल्या आणि त्या पूर्ण दबल्यावर किती उंचीच्या उरतात हे मोजलेच नाही. बसवलेली उंची 34 मिलिमीटर होती, व्हॉल्व्हची उचल 9.5, म्हणजे पूर्ण उघडताना स्प्रिंगला 24.5 मिलिमीटर जागा मिळत होती. आणि ती स्प्रिंग 24.2 वर वेढ्याला वेढा टेकून ठोस होत होती, म्हणजे शिल्लक जेमतेम 0.3 मिलिमीटर. थोड्याच दिवसांत इंजिन परत आले, तेव्हा कॅमच्या लोबची (उंचवट्यांची) टोके आणि कॅमची ढकल व्हॉल्व्हपर्यंत नेणाऱ्या रॉकरचे पृष्ठ खरवडून गेलेले होते. नवा कॅम आम्ही आमच्या खर्चाने दिला.

तेव्हापासून ठोस होण्याआधी किमान 1 मिलिमीटर शिल्लक असल्याशिवाय आम्ही स्प्रिंग बसवत नाही, आणि रिटेनर (स्प्रिंगची वरची टोपी) व व्हॉल्व्हच्या दांड्यावरचे ऑईल सील यांच्यातही तेवढेच अंतर पाहतो. सीट कटिंग केल्यावर, म्हणजे व्हॉल्व्ह टेकतो ती कडा कापल्यावर, व्हॉल्व्ह आत बसतो, स्टेम (त्याचा दांडा) वर येते, स्प्रिंग सैल पडते. म्हणून उंची सीट कापल्यानंतरच मोजायची आणि कमी पडणारा ताण खाली शिम (पातळ चकती) घालून भरून काढायचा. गरजेपेक्षा कडक स्प्रिंग ही सुरक्षितता आहे असे अनेक मिस्त्री आजही मानतात. आम्हाला ते पटत नाही, कारण तो जादा दाब प्रत्येक फेरीला कॅमवरच पडतो.

मिलिंगचा आणखी एक परिणाम आम्हाला उशिरा उमगला. हेड खाली आले की कॅमशाफ्ट क्रँकच्या जवळ येतो आणि बेल्टच्या खुणा जुळवूनही टायमिंग किंचित मागे पडते, म्हणून आता सरकवता येणारी पुली लावून, डायल गेज आणि अंशांच्या तबकडीने ते पुन्हा बसवतो. पिस्टनवर मुलांची खेळायची चिकणमाती थापून, इंजिन हाताने फिरवून, उमटलेल्या ठशाची जाडी मोजतो: इनलेटला दीड ते दोन आणि एक्झॉस्टला दोन ते अडीच मिलिमीटर, कारण एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापून लांबतो. ही मोजणी मिलिंगच्या आधी एकदा आणि नंतर पुन्हा होते.

आता माझी मुलगी ब्युरेट (हेडमधली जागा द्रव भरून मोजायची नळी) आणि स्प्रिंग टेस्टर सांभाळते. केवळ हेड मिल करून द्या, कॅम आम्ही पाहून घेऊ, असे सांगत आलेले रॅलीचे काम ती स्वीकारत नाही.