पाठमोरा संवाद

सत्काराची एव्ही, म्हणजे सत्कारमूर्तीवरची छोटी चित्रफीत, हा आमच्या धंद्यातला सर्वांत टुकार प्रकार. चार मिनिटं, मागे बासरी, हळूहळू झूम होणारे जुने फोटो आणि 'एक असं व्यक्तिमत्त्व...' म्हणणारा खर्जातला आवाज. महाप्याच्या एमआयडीसीतल्या आमच्या लॅबमध्ये खरं तर जुनी फिल्म स्कॅन होते, एव्ही आम्ही करत नाही. पण मालकांच्या ओळखीतलं काम, ते माझ्या गळ्यात पडलं.

सत्कारमूर्ती ठाण्यातले, नौपाड्याचे, नव्वदीला टेकलेले निर्माते. त्यांना सगळे अण्णा म्हणतात, मीही तेच म्हणतो. सत्तरच्या दशकाच्या शेवटी त्यांनी काढलेला एक हिंदी चित्रपट सोव्हिएत युनियनमध्ये गेला, रशियनमध्ये डब होऊन चालला. तेव्हापासून 'इकडचं तिकडे, तिकडचं इकडे' करणारा माणूस म्हणून त्यांचं नाव झालं. ताश्कंदच्या महोत्सवाला माणसं नेणं, तिकडच्या लोकांना इथली स्टुडिओ-वारी घडवणं, दुसऱ्यांच्या चित्रपटांची कागदपत्रं मार्गी लावणं, असली न दिसणारी कामं त्यांनी वर्षानुवर्षं केली. निमंत्रणपत्रिकेवर याचं 'सांस्कृतिक आदानप्रदानातील भरीव योगदान' झालं होतं.

संयोजक म्हणाले, "पिक्चर यूट्यूबवर आहे, त्यातनं तुकडे घ्या." पाहिलं. कोणीतरी टीव्हीवरून उतरवलेली कॉपी, कोपऱ्यात चॅनेलचा लोगो, चेहऱ्यांना नाक-डोळे जेमतेम. निगेटिव्हचं विचारलं तर नेहमीचीच कहाणी. लॅबचं बिल थकलं, निगेटिव्ह तिथेच अडकली, पुढे लॅबच बंद पडली. हिंदी सिनेमाचा केवढा तरी भाग असा उधारीत बुडालाय.

मग अण्णांचाच फोन. "माळ्यावर डबे आहेत रे. पण रशियन आहेत. चालतील?"

डबे आले ते गंजून झाकणं बसलेले. पहिलं उघडलं आणि लोणच्याची बरणी फुटावी तसा आंबूस भपकारा आला. अ‍ॅसिटेट फिल्म जुनी झाली की तिच्यातून अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड सुटायला लागतं, त्याला व्हिनेगर सिंड्रोम म्हणतात. हे एकदा सुरू झालं की थांबत नाही, थंडीत ठेवून फक्त लांबवता येतं. शेजारच्या डब्यांनाही त्या वाफेची बाधा होते, म्हणून आधी सगळे डबे वेगळ्या खोलीत हलवले. आत ठेवलेल्या निळ्या तपासपट्ट्या दुसऱ्या दिवशी हिरव्यावरून पिवळ्याकडे झुकलेल्या. म्हणजे घाई करायला हवी होती. फिल्म आकसली होती, कडेला लाटा आल्या होत्या. दातेरी चाकांच्या जुन्या प्रोजेक्टरवर चढवली असती तर छिद्रं टराटरा फाटली असती. आमचा स्कॅनर बिनदात्यांचा, तो फिल्मला कडेने अलगद धरून नेतो. तरीही आधी हाताने टेबलावर एकेक सांधा तपासावा लागतो. नव्या मुलांना हे काम म्हणजे शिक्षा वाटते. मला विचाराल तर आमच्या धंद्यात खरं काम तेवढंच आहे.

कडेवर रशियन लिपीत 'स्वेमा' छापलेलं. युक्रेनमधल्या शोस्त्का गावचा हा कारखाना. प्रत्येक रीळ तीनशे मीटरच्या आत, म्हणजे फार तर अकरा मिनिटांचं. चित्रपटाचे दोन भाग केलेले, कारण आपले लांबलचक चित्रपट तिकडे बहुधा दोन भागांत लावत. आणि सहापैकी चार गाणी गायब! तिकडच्या वितरकांची ही जुनी खोड. उरलेली दोन मात्र हिंदीतच ठेवलेली.

यूट्यूबची कॉपी आणि हे स्कॅन शेजारीशेजारी लावून बघत होतो. दुसऱ्या भागात एके ठिकाणी दोघांचा मेळ सुटला. रशियन प्रिंटमध्ये जवळपास तीन मिनिटांचा एक प्रसंग होता, जो आपल्याकडच्या कॉपीत नाहीच.

गिरणगावातली चाळीची खोली. नवरा जेवतोय, बायको वाढतेय. कितीतरी वेळ कोणी बोलत नाही. ती भाकरीच्या तुकड्याने पातेलं आतून पुसते आणि तो तुकडा त्याच्याच ताटात टाकते. आता त्याच्या लक्षात येतं की पातेलं रिकामं आहे. तो हात थांबवतो. ती तीन वाक्यं बोलते, पहिली दोन त्याच्याकडे बघून आणि तिसरं चुलीकडे वळून, पाठमोरी. नटी मराठी रंगभूमीवरची, आता हयात नाही. आवाज अर्थात कोणा रशियन बाईचा.

अण्णांना फोन केला. पलीकडे बराच वेळ काही नाही. मग म्हणाले, "तो सीन मी कापला. वितरक म्हणाला, पब्लिक या सीनला उठून मुतायला जातं. सगळ्या प्रिंटांतून काढला, मग निगेटिव्हमधूनही. त्यांची कॉपी आधीच गेली होती."

त्यांनी आपली गाणी कापली, आपण आपला प्रसंग कापला. अख्खा चित्रपट आज कुठेच नाही.

एव्हीत हाच प्रसंग घ्यायचा, हे मी ठरवून टाकलं. प्रश्न संवादांचा होता. रशियन आवाजाखाली मूळ हिंदी वाक्यं लिहायची तर ती आणायची कुठून? पटकथेची वही पुरात गेलेली, लेखक वारलेले. अण्णा मुलाला न सांगता रिक्षाने महाप्याला आले. आम्ही दोघं मॉनिटरसमोर बसलो आणि एकेक फ्रेम पुढे सरकवत त्या बाईचे ओठ वाचायला लागलो.

आवाज रशियन असला तरी ओठ हिंदीच बोलत होते. सेकंदाला चोवीस फ्रेम. ओठ पूर्ण मिटले की प, ब, भ, म यांतलं काहीतरी, आणि ते मिटणं दोन-तीन फ्रेम टिकतं. पहिल्या वाक्यात ओठ चारदा मिटतात. अण्णा पुटपुटले, "तुम खा लो, मैं बाद में." म, म, ब, म. जुळलं! दुसऱ्यात दोनदाच, लागोपाठ. "पेट भरा है." प आणि भ. तेही जुळलं. त्या तासाभराइतका आनंद मला या नोकरीत क्वचित मिळालाय.

तिसऱ्या वाक्याला ती पाठमोरी. ओठ नाहीतच. अण्णा मात्र क्षणभरही न थांबता म्हणाले, "कल से दोनों आधा-आधा भूखे रहेंगे, हिसाब बराबर."

वाक्य अंगावर येणारं आहे. पण माझा हात आपोआप साउंडट्रॅककडे गेला. फिल्मच्या कडेला छापलेल्या ऑप्टिकल ट्रॅकवर बोलण्याच्या लाटा डोळ्यांना दिसतात, वाक्य किती फ्रेमचं ते मोजता येतं. रशियन वाक्य जेमतेम तीस-पस्तीस फ्रेमचं, म्हणजे दीड सेकंदाचं. अण्णांचं वाक्य कितीही भरभर म्हटलं तरी तीन सेकंदांच्या खाली येईना. आता पाठमोऱ्या माणसाला डब करताना ओठांशी जुळवायचं बंधन नसतं, वाक्य आखडून घेता येतं. म्हणजे माझ्या मोजण्याने काहीच सिद्ध होत नाही. चहा पिताना मी सहज पुन्हा विचारलं, तर या खेपेला 'आधा-आधा भूखे'चं 'आधा पेट खाएंगे' झालं होतं. मी टोकलं तर म्हणाले, "अरे, मला आठवतंय ना!"

पडद्यावर मी त्यांचं पहिलं वाक्य टाकलं.

कार्यक्रम वाशीला, विष्णुदास भावे नाट्यगृहात. प्रमुख पाहुणे दीड तास उशिरा आले आणि 'आवारा'वर बोलले. रशिया म्हटलं की आपल्याकडे 'आवारा'च्या पुढे गाडी जात नाही. १९५७ साली ख्वाजा अहमद अब्बासांनी सोव्हिएत लोकांबरोबर मिळून 'परदेसी' काढला, त्याचा नायक, रशियन व्यापारी अफनासी निकितीन, पंधराव्या शतकात आपल्या रेवदंड्याशेजारच्या चौलला उतरला आणि जुन्नरला राहिला. महाराष्ट्रात बोलताना याहून जवळचं उदाहरण कुठलं? एकाही वक्त्याला सुचलं नाही.

एव्ही लागली. पातेल्याच्या शॉटला सभागृहातली चुळबुळ थांबली आणि तिसऱ्या वाक्याला टाळ्या पडल्या. पाहुण्यांनी माइक परत मागून घेतला, 'हिसाब बराबर' दोनदा म्हणून दाखवलं आणि 'अण्णांच्या लेखणीला' सलाम केला. अण्णा निर्माते आहेत, लेखक नव्हेत, हे त्यांच्या कानात सांगायला कोणी नव्हतं.

मग अण्णा उठले. शाल सावरत एवढंच म्हणाले, "तुम्हाला आवडला तो सीन मी स्वतः कापला होता. रशियनांनी ठेवला म्हणून राहिला." लोक हसले, विनय समजून पुन्हा टाळ्या. सत्कारात सत्कारमूर्तीचं ऐकायला कोणी आलेलं नसतं.

डबे अजून आमच्याकडे आहेत. अख्खा चित्रपट नीट स्कॅन करायचा खर्च स्टेजच्या फुलांपेक्षा फार नसेल, पण संयोजकांचा फोन आता लागत नाही. मालकांनी रिकाम्या वेळात करायची परवानगी दिलीय, रोज थोडं होतंय. अण्णांच्या मुलाचं म्हणणं, त्या प्रसंगाला नटीचा आवाज कॉम्प्युटरवर बनवून घेऊ, इतर प्रसंगांतले नमुने आहेतच. अण्णा म्हणाले, "तिला विचारून ये मग." मला मुलाचंही अगदीच चुकीचं वाटत नाही. पण आवाज बनवला तर तिसरं वाक्य तिच्या तोंडून कायमचं पक्कं होणार, आणि ते तिचं होतं की महाप्याला मॉनिटरसमोर जन्मलं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

स्कॅनमध्ये त्या वाक्याखाली मी टीप घातलीय: 'निर्मात्याच्या आठवणीवरून'. अण्णांना ती खटकते. परवा फोन आला, "काढ ती. पिक्चर माझं आहे." पुढच्या आठवड्यात बघू, म्हणालोय.