रात्रीची बाटली आणि दीडच्या सुमाराची उलटी : माझा अनुभव

मूल २० महिन्यांचं. साडेनऊला वरणभात, दहाला आडवं पडून म्हशीच्या दुधाची २४० मिलीची बाटली, आणि साडेअकरा ते दीडच्या दरम्यान झोपेतच उलटी. ताप नाही, जुलाब नाही. सकाळी उठून पोरगं अंगणात हुंदडायला मोकळं. सांगलीत आमच्या घरी आठवड्यातून तीन-चार रात्री हे चालायचं. बंद व्हायला महिना लागला. उलटीवर औषध एकही दिलं नाही. बदलली ती दुधाची मात्रा, वेळ आणि शेवटी बाटलीच.

पहिलं काम वहीचं. आठ रात्री मी लिहून ठेवलं : शेवटचं जेवण किती वाजता, दूध किती मिली, ते किती मिनिटांत संपलं, उलटी किती वाजता, रंग कोणता, आणि त्याआधी खोकला आला होता का. दोन रात्री तो जेवणाआधीच पेंगला आणि नुसती बाटली पिऊन झोपला. त्या दोन्ही रात्री कोरड्या गेल्या. दूध तेच, गवळी तोच. म्हणजे दोष दुधात नव्हता, जेवणावर लगेच चढवलेल्या २४० मिलीत होता.

इथं बहुतेक घरं चुकतात. उलटीत दह्यासारख्या गाठी दिसल्या की दूध नासकं होतं असं ठरतं. मग गवळी बदलायचा, मग पिशवीचं आणायचं, मग गाईचं, शेवटी कुणीतरी शेळीचं सुचवतं. पोटातलं आम्ल आणि पाचकरस दूध घट्ट करतातच, ते त्यांचं कामच आहे. प्यायल्या-प्यायल्या उलटी झाली तर दूध पातळ पडतं, तासाभरानं झाली तर गाठींचं. गाठी फक्त एवढंच सांगतात की दूध पोटात किती वेळ होतं.

आता ते वर का येतं? अन्ननलिका जठराला मिळते तिथं स्नायूंचा एक वळसा असतो, तो दाराचं काम करतो. लहान मुलांत हे दार अजून ढिलं असतं. पोट तुडुंब भरलं, मूल आडवं झालं, की दूध दाराशीच येऊन थांबतं. त्यात म्हशीच्या दुधात स्निग्धांश साधारण ६ ते ७ टक्के, गाईच्या दुधात साडेतीन-चार. स्निग्धांश जास्त तितकं पोट उशिरा रिकामं होतं. शिवाय बाटलीतून गिळलेली हवा. झोपेत कूस बदलली, ढेकर वर आला, की त्याच्याबरोबर दूधही येतं.

हवेचं कारण आमच्या निपलात सापडलं. दुधात साखर आणि डब्यातली पौष्टिक पावडर घालत होतो. ती घट्ट व्हायची, निपलातून उतरेना, म्हणून सुई तापवून भोक मोठं केलेलं. आपल्याकडे सर्रास करतात हे. निपल बघायचं असेल तर बाटली उलटी धरा : थेंब-थेंब पडायला हवा. धार लागली तर निपल फेकून द्या. आमचा मुलगा २४० मिली चार मिनिटांत संपवत होता, गिळता गिळता हवाही ओढत होता. उलट बाजूनं, रिंग फार घट्ट आवळली तर आत हवा शिरत नाही, निपल चपटं होतं आणि मूल रिकामं चोखत हवा गिळतं. रिंग जरा सैल, दुधात बुडबुडे वर चढताना दिसले पाहिजेत.

डॉक्टरांकडे वही घेऊन गेलो. त्यांनी वजन घेतलं, माता-बाल संरक्षण कार्डावरच्या आलेखाशी ताडून पाहिलं, कान-घसा-पोट तपासलं आणि उलटीचा रंग दोनदा विचारला. मग दिवसभराच्या दुधाची बेरीज करायला लावली : सकाळी २००, दुपारी २००, रात्री २४०, आणि रात्री अडीचला उठून मागायचा ती बाटली १८०. एकूण ८२०. एक ते तीन वर्षांच्या मुलाला ४०० ते ५०० मिली पुष्कळ झालं. दुधात लोह जवळजवळ नसतंच, आणि दुधानंच पोट भरलं की भाकरी, भाजी, डाळ, अंडं यांना जागा उरत नाही. हिमोग्लोबिन ९.८ निघालं, म्हणजे रक्त कमी. उलटीच्या निमित्तानं हे कळलं, नाहीतर पोरगं गोरं दिसतंय म्हणून आम्ही खूशच होतो. लोहाचे थेंब सुरू झाले ते दुधाबरोबर द्यायचे नव्हते. दुधातलं कॅल्शियम लोह नीट शोषू देत नाही.

अडीचच्या बाटलीचं कोडंही तिथंच सुटलं. दीडला पोट रिकामं झालं की अडीचला भूक लागणारच. त्या १८० मिलीमुळे सकाळची भूक मरायची, दिवस दुधावर निघायचा, संध्याकाळी उशिरा जेवण, वर परत बाटली.

तोडायला सुरुवात आम्ही पावडर आणि साखरेपासून केली. तीन रात्री फक्त साधं दूध, नवं निपल. चवीवरून थोडी कुरकुर झाली, तेवढंच. चौथ्या दिवसापासून जेवण सव्वासातला ओढलं. हे सगळ्यात अवघड, कारण आपल्याकडे घरातले पुरुष परतल्यावर साडेनऊला पानं मांडायची रीत. मुलाचं ताट वेगळं, आधी, आणि त्यावर तडजोड नाही. मऊ भात-वरण-तूप किंवा भाकरीचा काला, सोबत एखादी भाजी. दूध आठला, मांडीवर ताठ बसवून, २४० ऐवजी १८०. त्यानंतर दात घासणं आणि निदान तासभर जागं. उशी उंच करून झोपवण्याचा सल्ला बऱ्याच जणांनी दिला, उपयोग नाही. मूल सरकून दुमडतं, पोटावर दाब येतो, उलट जास्त वर येतं. (एक वर्षाखालच्या बाळाला तर उशी नकोच, सपाट आणि पाठीवर.) दूध प्यायल्यावर अर्धा तास उभं धरणं किंवा फिरवणं याचा खरा फायदा.

पाचव्या रात्रीपासून उलट्या निम्म्यावर आल्या. अडीचची बाटली मात्र तशीच होती, तिला नवव्या रात्री हात घातला. एकदम बंद करता येते, पण दोन खोल्यांच्या घरात रात्री तासभर रडारड म्हणजे सगळं घर जागं. म्हणून दर दोन रात्रींनी ३० मिली कमी : १८०, १५०, १२०, ९०, ६०. साठवर आलो की पुढं नाही. अठराव्या रात्रीनंतर फक्त फुलपात्रातलं दोन घोट पाणी आणि थोपटणं. काही जण मात्रा तीच ठेवून दुधात पाणी वाढवत जातात. वर्षाच्या पुढं, नीट जेवणाऱ्या मुलाला तेही चालतं. डब्यातल्या पावडरीच्या दुधावरच्या तान्ह्या बाळाला असं पाणी वाढवून देऊ नये.

सासूबाईंचं म्हणणं, "अगं, उपाशी निजेल की पोरगं." ही भीती खोटी नाही, म्हणून दिवसाचं खाणं मोजलं. अडीचची बाटली ६० वर आल्यावर सकाळी नाचणीची खीर वाटीभर जायला लागली, दुपारी अर्धी भाकरी. शेवटी त्यांनीच बाटल्या माळ्यावर टाकल्या. चौदाव्या रात्री आमचाही धीर सुटला होता : तो चाळीस मिनिटं रडला, आम्ही घाबरून २०० मिली भरून दिलं, आणि तीनला सगळं गादीवर. रडून आधीच हवा गिळलेली, वर भरलेली बाटली. रडल्यावर आधी उभं घेऊन शांत करायचं, मग ठरलेली मात्रा.

आठचं दूध बाटलीतून फुलपात्रात आणायला आणखी आठवडा गेला. एक तृतीयांश भरायचं, ओठाशी टेकवायचं, तिरकं त्यानं करायचं. सांडतं. चोचीचा कप घेऊ नका, ती दुसरी बाटलीच. आता सकाळी २००, रात्री १५० आणि दुपारी वाटीभर दही. बाटली गेल्याचा दातांनाही फायदा : झोपेत लाळ कमी सुटते, दूध वरच्या पुढच्या दातांवर साचून ते आधी किडतात. कानाचंही तसंच, आडवं पडून पिताना दूध घशामागून कानाच्या नळीकडे जाऊ शकतं.

दूध गाईचं केलं ते पचायला हलकं म्हणून, पण दोन वर्षांपर्यंत डबल टोन्ड नको. त्यात स्निग्धांश दीडच टक्का, या वयाला कमी पडतो.

उलटी झाल्या क्षणी काय करायचं हे घरात सगळ्यांना पाठ हवं. मूल कुशीवर वळवायचं, तोंडातलं बोटानं खरवडायचं नाही, जागं झालं की ताठ बसवायचं. पाठीत धपाटे नकोत. दहा मिनिटं काही द्यायचं नाही. मग चमचा-चमचा पाणी, मिनिट-दोन मिनिटांच्या अंतरानं. दूध परत नाही. उलट्या लागोपाठ होत असतील तर पाण्याऐवजी ओआरएस : मोठी पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, छोटी पुडी २०० मिलीत, पुडीवर लिहिलंय तेवढ्यातच. चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्यायचं. दात लगेच घासू नका, आम्लानं ते मऊ झालेले असतात; नुसती चूळ किंवा ओला कपडा. उलटी थांबवायचं औषध घरातल्या मोठ्या मुलाच्या बाटलीतून देऊ नये.

गादीचं गणित : मेणकापड, चादर, परत मेणकापड, परत चादर. रात्री वरचे दोन थर ओढून काढले की खालचं अंथरूण तयार. गोधडी खाली घालू नका, पावसाळ्यात चार दिवस वाळत नाही. दुधाचा डाग आधी गार पाण्यात. गरम पाण्यानं दूध कापडात बसतं आणि वास जात नाही.

हे सगळं लागू पडतं ते मूल दिवसा ठणठणीत असेल आणि वजन वाढत असेल तरच. सर्दी-खोकल्यात उबळ येऊन दूध पडलं तर कारण कफ आहे. झोपण्याआधी नाकात सलाईनचे थेंब आणि त्या आठवड्यात दूध कमी. जुलाबाच्या आजारानंतर काही मुलांना काही दिवस दूध पचत नाही, पोट फुगतं, दही चालतं. दिवसाही, कोणत्याही दुधाच्या पदार्थानं उलटी, अंगावर गांध्या किंवा शीमध्ये रक्त असेल तर दुधाच्या प्रथिनाची ॲलर्जी बघावी लागते. हिरवी उलटी, रक्त किंवा कॉफीच्या गाळासारखं काही, पोट ताठ, आठ तास लघवी नाही, मूल उठवूनही सुस्त, डोक्याला मार लागल्यानंतरची उलटी, लाल जेलीसारखी शी : यातलं एकही असेल तर सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच दवाखाना, गाडी नसेल तर १०८. सकाळी उठल्या-उठल्या रोज उलटी आणि डोकं धरून बसणं, हेही दुधाचं नव्हे. तेही लगेच दाखवायचं.

तापात किंवा आजोळी गेल्यावर तो अजून बाटली मागतो. गावाला जाताना पिशवीत फुलपात्र टाकायचं आणि बाटली घरीच ठेवायची. ती सोबत असली की रात्री दोनला हात तिच्याकडेच जातो.