लॅपटॉप उघडलाच नाही

"वरच्या गिअरला चढावर पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दिला की आरपीएम नुसतेच वाढतात का, वेग न वाढता?"

ट्यूनरचा, म्हणजे लॅपटॉप जोडून इंजिनची सेटिंग्ज बदलणाऱ्याचा, पहिलाच प्रश्न. मी गेलो होतो पिकअप गाडीची ताकद वाढवायला, आणि हा माणूस क्लचवर अडून बसलेला.

"अजून तरी नाही," मी म्हटलं.

"टॉर्क, म्हणजे इंजिनचा जोर, वाढवला की वाढतील. क्लच घसरेल."

मग त्याने टर्बोकडून (इंजिनात दाबाने हवा भरतो तो) इंटरकूलरला (ती हवा थंड करतो तो) जाणारा रबरी होज बोटांनी चाचपला. क्लिपजवळ तेलकट डाग, खालच्या बाजूला नखाएवढी चीर. दाबाखालची हवा तिथूनच निसटत होती. म्हणजे गाडीची मूळची ताकदही मला पुरती मिळत नव्हती, आणि मी वरची मागायला आलो होतो!

याआधी एकाने बॉनेटही न उघडता हॉर्सपॉवरचा आकडा सांगितला होता. (खोटं कशाला बोलू, तेव्हा भारी वाटलं होतं.) हा म्हणाला, आधी होज आणि एअर फिल्टर. मग सौम्य मॅप, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधली बदललेली सेटिंग्ज, तोही मूळ फाइल जपून ठेवून. हवा न पुरवता डिझेल वाढवलं तर काळा धूर निघणार, टर्बो तापणार.

होज बदलला. आता चढावर गाडी धापा टाकत नाही. मग मॅप खरंच हवाय का मला?