आमची वाटचाल: बार्जच्या पत्र्यापासून फायबरच्या बोटीपर्यंत

२०१२ च्या सप्टेंबरात गोव्यातल्या खाणी थांबल्या तेव्हा मी मांडवीकाठच्या एका यार्डात बार्जचे पत्रे बदलत होतो. आमच्या डिचोलीकडे घरटी एखादा माणूस तरी त्या धंद्यात होता, कुणी ट्रकवर, कुणी बार्जवर, कुणी वेल्डिंगला. मुरगावला जाणारं खनिज बंद झालं आणि बार्ज नदीत नांगरून पडल्या. पुढं दोन वर्षं गेटं केली, ग्रिलं केली, मिळेल ते केलं. पण हात पाण्यावरच्या कामाचे. मेहुणा आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागं बाहेरून लावायची इंजिनं दुरुस्त करायचा. त्याला बरोबर घेऊन भाड्याच्या शेडमध्ये जुन्या फायबर बोटी नीट करून द्यायला सुरुवात केली.

पहिली बोट १७ फुटी होती, उघडी, मागं ४० हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक इंजीन. म्हापशाच्या एका डॉक्टरांनी ती स्वस्तात घेतली होती. बायको, दोन मुलं आणि आई यांना घेऊन रविवारी चोडणच्या बाजूला फिरायचं, एवढीच त्यांची हौस. आम्ही तळ घासला, रंग दिला, नव्या गाद्या बसवल्या, छत उभारलं. चवथ झाली आणि बोट पाण्यात उतरली. दिसायला इतकी देखणी, की धक्क्यावर लोक थांबून बघत होते.

डिसेंबरात डॉक्टरांचा फोन आला. दिवाडीजवळ वेग वाढवल्यावर इंजीन मागं कललं आणि ट्रान्समला वरून खाली तडा गेला. कसेबसे हळूहळू परत आले. कुणाला काही झालं नाही, पण त्या बोटीत त्यांची मुलं होती. ती रात्र मला झोप लागली नाही. चूक पूर्णपणे आमची होती, आणि ते काम आम्ही आमच्या खर्चानं पुन्हा केलं.

ट्रान्सम म्हणजे बोटीची मागची उभी भिंत, जिच्यावर इंजीन लटकतं. बाहेरून ती फायबरची दिसते, पण बहुतेक जुन्या बोटींत आत प्लायवूड असतं. इंजिनाचे बोल्ट, शिडीचे स्क्रू, पाणी काढायचं भोक, यातलं एक जरी नीट बंद केलेलं नसलं तरी पाणी आत झिरपतं. लोकांना वाटतं, समुद्राच्या पाण्यानं लाकूड खराब होतं. खरं तर मीठ लाकडाला थोडंफार राखतं. कुजवतं ते पावसाचं गोडं पाणी. उन्हाळ्याच्या शेवटी ताडपत्री टाकून अंगणात ठेवलेली आणि चार महिने आत पाणी साचलेली बोट, वर्षभर खाडीत बांधलेल्या बोटीपेक्षा जास्त कुजलेली आम्ही पाहिली आहे.

हे ओळखायला मला एका वयस्क मेस्तांनी शिकवलं. त्यांचं आयुष्य लाकडी होड्या बांधण्यात गेलं होतं, फायबरवर त्यांचा विश्वास नव्हता. डॉक्टरांच्या बोटीभोवती ते हातोडीच्या दांड्यानं ठोकत फिरले. वरच्या कोपऱ्यांत टण्ण असा आवाज, इंजिनाखाली नुसता बद्द. “भितर पळय पयलीं,” म्हणजे आधी आत बघ, एवढंच म्हणाले. आतल्या बाजूनं पाच मिलिमीटरचं भोक पाडलं, तर ड्रिलला भुशाऐवजी काळपट, ओला चोथा लागून आला. कुजक्या पानांसारखा वास.

तेव्हापासून आमचा नियम झाला: भोक मालकांच्या समोर पाडायचं. भुसा कोरडा आणि पिवळसर आला तर भोक इपॉक्सीनं, म्हणजे दोन द्रव मिसळले की घट्ट होणाऱ्या चिकटानं, बुजवून पुढच्या कामाला लागायचं. ओला आला तर रंगाची, गाद्यांची गोष्टच काढायची नाही. आतलं फायबर कापून काढायचं, सगळं प्लाय छिन्नीनं खरवडायचं, बाहेरचं कवच आठवडाभर वाळू द्यायचं. मग आयएस ७१० चं मरीन प्लाय दोन थरांत चिकटवायचं, कडांना आधी इपॉक्सी पाजायची, आणि वरचं नवं फायबर जुन्यावर लांबवर उतरतं घ्यायचं: जुन्या कवचाच्या जाडीच्या बारा पट. इथं घाई केली की जोड पुन्हा त्याच जागी सुटतो. बोल्टची भोकं मोठी पाडून इपॉक्सीनं भरायची आणि त्या भरावातच नवं भोक पाडायचं, म्हणजे बोल्ट लाकडाला शिवतच नाही.

काही जण उठून दुसरीकडे जातात, कारण दुसरीकडे तीच बोट दोन आठवड्यांत रंगवून मिळते. जाऊ देतो.

आमच्या कामाची खरी अडचण ऋतूची आहे. बोटी पावसात रिकाम्या असतात, म्हणून काम पावसात यावं आणि ऑक्टोबरात बोट तयार व्हावी, असं सगळ्यांना वाटतं. पण जुलैत हवाच ओली. फायबरच्या थरांना घट्ट करणारं पॉलिएस्टर रेझिन नीट धरत नाही, इपॉक्सीवर मेणचट साय येते. ती पाण्यानं घासून न काढता पुढचा थर दिला तर दोन्ही थर नुसते एकावर एक राहतात. म्हणून पावसात आम्ही उघडतो, खरवडतो, वाळवतो, वायरिंग करतो. रेझिनचा हात शक्यतो पाऊस ओसरल्यावर.

इंजिनांचं सगळं मेहुणा बघतो. हल्ली त्याची मोठी तक्रार पेट्रोलची असते. आता त्यात २० टक्के इथेनॉल येतं, ते हवेतलं पाणी ओढतं. अर्धी टाकी भरून बोट पावसाळाभर ठेवली तर पाणी आणि इथेनॉल तळाशी वेगळं बसतं, जुन्या रबरी नळ्या फुगतात. म्हणून मे संपताना टाकी रिकामी करायची आणि कार्ब्युरेटर कोरडा ठेवायचा.

छतं आणि गाद्या माझी पत्नी शिवते. साधा सुती दोरा आपल्या उन्हात एका हंगामात तुटतो, हे तिनं आधी घरच्या ताडपत्रीवर पाहिलं होतं. ती जाड पॉलिएस्टरचाच दोरा वापरते. छत किती उंच करायचं यावरून गिऱ्हाइकांशी तिचंच जास्त बोलणं होतं. १७ फुटी बोटीवर उंच, जड छत आणि वर चढलेली माणसं हे आम्ही करून देत नाही. वजन खालीच राहिलं पाहिजे. लहान मुलांच्या मापाची लाइफ जॅकेटं, पाण्यातून वर चढायची शिडी आणि चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधायची किल-स्विचची दोरी (तो पडला की ती ओढली जाऊन इंजीन बंद होतं), हे बसवल्याशिवाय बोट सोडत नाही. कॅप्टन ऑफ पोर्ट्स या सरकारी बंदर खात्याकडची कागदपत्रं मालकांनी आधी पुरी करावीत, असंही सांगतो.

डॉक्टर आता कुटुंबाला घेऊन कुंभारजुव्याच्या कालव्यात जातात, कधी बाणास्तारीच्या पुलाखालून झुआरीपर्यंत. पावसात मांडवीचं मुख वाळूनं अडलं की आमच्या बार्ज याच वाटेनं मुरगावला जायच्या. कालव्यात मगरी आहेत; हात पाण्यात सोडू नका, असं मी त्यांच्या मुलांना दरवेळी बजावतो.

सध्या शेडमध्ये २० फुटी बोट आहे. इंजिनाखाली ठोकलं की बद्द वाजतं. मालकांना अजून काही सांगितलेलं नाही. रविवारी येणार आहेत, ड्रिल तयार ठेवलंय.