घरी कोण कोण असतं?

क्लीव्हलँडला येऊन दीड वर्ष झालं तरी इथल्या फेब्रुवारीची सवय काही झाली नाहीये, आणि या फेब्रुवारीत तर दर शनिवारी सकाळी नऊला बर्फ तुडवत एका पब्लिक लायब्ररीच्या हॉलमध्ये हजर व्हायचो, तेही मार्कांसाठी. आमच्या मास्टर्सला सर्व्हिस लर्निंगचा एक कोर्स आहे, लोकांची कामं करायची आणि त्यातून काय कळलं ते दर आठवड्याला पानभर लिहून द्यायचं. आई फोनवर म्हणाली, "म्हणजे एनएसएसच की!"

हो, तसंच. फक्त आमच्या साताऱ्याच्या कॉलेजात वर्षाला 120 तास आणि सात दिवसांचं शिबिर असायचं, प्रभातफेरी, शोषखड्डे, रात्री शेकोटीभोवती नकला. खड्डे मनापासून खणले, पण तासांचं रजिस्टर कसं भरलं जातं ते ज्याने भरलंय त्याला माहितीये, जास्त बोलत नाही. काय कळलं हे मात्र कधी कुणी विचारलं नाही.

इथलं काम व्हिटाचं, म्हणजे स्वयंसेवकांनी टॅक्स भरायला मदत करायच्या कार्यक्रमाचं. (सांगलीतलं विटा नव्हे, घरी तीनदा सांगून झालंय.) कमी उत्पन्नाच्या लोकांचे टॅक्स रिटर्न फुकट भरून द्यायचे. एनएसएस 1969 चं आणि हेही 1969 च्या इथल्या टॅक्स कायद्यानंतरच सुरू झालेलं, आहे ना गंमत. आयआरएस, म्हणजे इथलं इन्कम टॅक्स खातं, आधी ऑनलाइन परीक्षा घेतं, पुस्तक उघडं ठेवून द्यायची पण 80 टक्के पाहिजेत. मला पहिल्यांदा 73 पडले.

दुसऱ्याच शनिवारी एक आजी आल्या, शाळेच्या कॅन्टीनमध्ये काम करणाऱ्या. सगळे कागद ब्रेडच्या रिकाम्या पिशवीत, वर रबरबँड. मी एकेक कागद सरळ करून पटापट आकडे टाकले, अर्ध्या तासात रिटर्न तयार, स्वतःवर जाम खूष. पण प्रत्येक रिटर्न दुसऱ्या कुणीतरी तपासायचाच असा नियम आहे. तपासायला एक रिटायर्ड काका होते, ते कागदांकडे बघेचनात. खुर्ची ओढून बसले आणि आजींना विचारलं, घरी कोण कोण असतं? तर नातू! मुलीचा मुलगा, नऊ वर्षांचा, दोन वर्षांपासून यांच्याकडेच, आईबाप दोघंही जवळ नाहीत. मग फायलिंग स्टेटस, म्हणजे एकटा की कुटुंबवाला हा रकाना, बदललं, अर्न्ड इन्कम क्रेडिट, म्हणजे कमी कमाईवाल्यांना मिळणारी टॅक्सची सवलत, बसलं, आणि रिफंड काही हजार डॉलरने वाढला.

फॉर्मवर तो प्रश्न होता हो! आजींनी कोराच सोडलेला आणि मी विचारला नाही, कारण मला वाटलं अमेरिकेत असं खाजगी विचारत नाहीत. आपल्याकडे कोयना एक्सप्रेसमध्ये समोरच्या सीटवरच्या काकू कराड यायच्या आत घरात किती माणसं, कोण कुठे नोकरीला, सगळं काढून घेतात, आणि मी त्याच मातीतला माणूस इथे येऊन शिष्ट झालेलो. त्या आठवड्याचं पान एका बैठकीत लिहून झालं, एरवी रविवारी रात्री बारापर्यंत रखडायचं.

पुढच्या शनिवारी पहिल्याच माणसाला बसायच्या आधी विचारलं, घरी कोण कोण असतं? त्याने चाळीस मिनिटं सांगितलं, मागे लाईन लागलेली, फोनमधले फोटोसुद्धा दाखवले. कुत्रा डिपेंडंट धरता येत नाही हे त्याला सांगताना मात्र जीवावर आलं.