वाड्याचं खातं

घराण्यावरची कादंबरी हातात आली की मी आधी तिची वंशावळ काढते. लेखकानं दिलेली असली तरी माझी वेगळी. कोण कुणाच्या पोटचं, कुणाचं लग्न कितव्या प्रकरणात, कोण कधी गेलं. एका प्रकाशनासाठी खर्डे वाचायचं आणि दुरुस्त करायचं काम करताना ही सवय लागली. या प्रकारच्या लेखनात गफलती हमखास इथंच होतात. थोरल्या आत्याचा जन्म तिच्या आईच्या लग्नाआधी पडतो, नाहीतर प्लेगात दगावलेला चुलता पुढं स्वातंत्र्याच्या मिरवणुकीत झेंडा घेऊन फिरताना सापडतो.

बाईंच्या कादंबरीची वंशावळ काढायला दोन मोठे कागद चिकटवावे लागले. बाई निवृत्त शिक्षिका, करवीर तालुक्यातल्या एका जुन्या पाटील घराण्याच्या सूनबाई. गावाचं नाव त्यांनी कादंबरीत बदललंय, म्हणून मीही देत नाही. चार पिढ्यांची गोष्ट. थोरले आबा दरबारात मान असलेले. त्यांच्या मुलाच्या काळात कुळकायद्यात निम्मी जमीन गेली. नातवानं उसावर घर पुन्हा उभं केलं. पणतू पुण्यात, त्याला बांध कुठला ते ठाऊक नाही. आणि या सगळ्याला लागून माळावर येऊन राहिलेली परकी माणसं, आधी पोलंडची, मग सिंधमधली.

कोल्हापूरबाहेरच्या वाचकाला हा शेवटचा भाग कल्पनेतला वाटेल. तसा तो नाही. १९४० मध्ये रशियानं पूर्व पोलंडमधून लाखो माणसं सैबेरियाकडं हाकलली. त्यातले जे सुटले ते इराणमार्गे बाहेर पडले आणि त्यांपैकी जवळजवळ पाच हजार, बहुतेक बायका आणि पोरं, १९४३ पासून कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिली. तिथं त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता. जामनगरजवळच्या बालाचडीच्या छावणीतली अनाथ पोलिश मुलंही ती छावणी मिटल्यावर इकडंच आली. १९४८ पर्यंत पोलिश लोक पांगले आणि त्याच बराकींमध्ये फाळणीत घरदार सोडून आलेली सिंधी कुटुंबं बसवली गेली. तेच आजचं गांधीनगर, घाऊक कापडाची पेठ. महावीर उद्यानात पोलिश लोकांचा स्मृतिस्तंभ आहे. संध्याकाळी फिरायला येणाऱ्यांपैकी किती जण त्यावरचा मजकूर वाचतात कोण जाणे.

पहिल्या वाचनात मी नेहमीच्या खुणा केल्या. एका प्रकरणात १९५० च्या दिवाळीला पोलिश मुलगी वाड्यावर फराळाला येते. ती तोवर इथं असणं कठीण. आबांचा मुलगा १९४८ च्या पावसाळ्यात मुंबईच्या कुळकायद्यानं हवालदिल होतो. कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं १ मार्च १९४९ ला; त्याआधी मुंबईचा कायदा करवीरात लागेल कसा? शिवाय खरा दणका १ एप्रिल १९५७ चा. कसणारा कूळ त्या दिवशी कायद्यानं मालक मानला गेला, आणि मग किंमत ठरवायची प्रकरणं वर्षानुवर्षं चालली. बाईंनी सगळं मुकाट्यानं दुरुस्त केलं. शाळेत लाल शाई वापरलेल्या माणसाला लाल शाईचा राग येत नाही.

खरी अडचण वंशावळीत दिसली. पाटलांच्या चार पिढ्या, अठ्ठावीस नावं, त्यात तान्हेपणी गेलेली दोन बाळंसुद्धा. माळावरच्या माणसांकडं मात्र एक सोनेरी केसांची मुलगी आणि एक ‘शेठ’. हा शेठ १९४८ मध्ये खांद्यावर गठ्ठा घेऊन वाड्याच्या दारात येतो आणि १९९८ मध्येही तोच शेठ दुकानात बसलेला असतो. त्याला बाप नाही, बायको नाही, पोर नाही. पन्नास वर्षांत केस पांढरे झाल्याचाही उल्लेख नाही.

बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदा चिडल्या. “अगं, ते आपल्यात कुठं मिसळले? मला त्यांच्या घरातलं काय ठाऊक असणार?”

“मग विचारायचं की.”

दोन दिवस फोन नाही. तिसऱ्या दिवशी सकाळीच आला. “चल गांधीनगरला. आमच्या घरचा बस्ता ज्यांच्याकडनं यायचा ते म्हातारे शेठ अजून आहेत. लग्नाचं प्रकरण त्यांना वाचून दाखवू.”

तावडे हॉटेलपासून आत वळलं की रिक्षा पुढं सरकायलाच तयार नाही. टेम्पोतून गठ्ठे उतरत होते, हमाल तोंडानं “बाजू बाजू” करत हातगाड्या घुसवत होते. शेठचं दुकान तीन मजली. गल्ल्यावर नातू संगणकाला डोळे लावून बसलेला. म्हातारे मागच्या बाजूला गादीवर, पांढरा लेंगा-कुडता, ऐकू येतं पण मोठ्यानं बोललेलं.

“या वैनीसाब! लई दिसांनी वाट वाकडी केलासा.” ही अस्सल गावरान कोल्हापुरी. घरात सिंधी, नातवाशी हिंदी आणि बाईंशी हे.

चहा आला. बाईंनी चष्मा लावला आणि शाळेत धडा वाचावा तशी सुरुवात केली. कादंबरीतलं हे सगळ्यात रंगलेलं प्रकरण. साल १९७३. वाड्यातलं थोरलं लग्न, म्हणजे नावं बदलून बाईंचं स्वतःचंच. बस्त्याला आख्खी बैलगाडी भरून कापड आलं, गावातल्या प्रत्येक उंबऱ्याला लुगडं गेलं, मानकऱ्यांना फेटे, पंक्ती तीन दिवस उठत होत्या. जमीन गेली तरी वाड्याचा दिमाख कसा तसूभर उतरला नव्हता, हे त्या प्रकरणाचं सार. मला ते अंमळ पिठूळ वाटायचं. या घाटाच्या मराठी कादंबऱ्यांत एक लग्न असं असतंच आणि त्याच्यानंतर वाड्याची एक भिंत पडते.

शेठ डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, “बस्ता आमच्याकडनं नेला, ते लिवलासा, ब्येस केलं. पर बैलगाडी न्हवती. टेंपो हुता, आमचाच.” मग नातवाला हाक मारून काहीतरी सिंधीत सांगितलं. त्यानं कपाळाला आठ्या घातल्या, पण गेला. बऱ्याच वेळानं पोटमाळ्यावरून लाल कापडाच्या बांधणीच्या चार लांबट वह्या घेऊन आला. धुळीनं त्याचा काळा शर्ट करडा झाला होता.

वहीतली लिपी मला ओळखीची नव्हती. सिंधी व्यापाऱ्यांची ही जुनी हिशेबाची लिपी. पोरांना सोडा, मधल्या पिढीलाही वाचता येत नाही. तिला काना-मात्रा जवळजवळ नसतातच. शेठनी भिंग धरलं आणि बोट ओळीवरून सरकवू लागले. प-ट-ल एवढंच लिहिलेलं, ते ‘पाटील’ म्हणून वाचायचं, आणि कुठले पाटील ते आठवणीनं ओळखायचं. ती आठवण आता या एकाच माणसाकडं उरलीय.

“ह्यो बघा तुमचा बस्ता. शालू येक. नऊवारी तेवीस. धोतरजोड्या अकरा. फेटे चवदा. पोलक्याचं कापड...” बोट थांबलं. “रोख पाचशे येक. बाकी उधार.”

बाईंनी चष्मा पुन्हा पुसला. “बाकी किती?”

“छत्तीसशे आन वर काय रुपये.”

१९७३ चे छत्तीसशे. बाईंनी वही आपल्याकडं ओढून घेतली, जणू वाचता येणार होतं. शेठ पुढची पानं उलटत गेले. पुढच्या साली गुळाच्या हंगामात शाहूपुरीतल्या अडत दुकानाच्या पट्टीतून, म्हणजे गूळ विकून आलेल्या पैशातून, काही रक्कम वळती. त्याच्या पुढच्या साली थोडी. एका साली काहीच नाही. असं ते खातं ओढत ओढत चाललेलं.

“मामंजींनी कधी बोलून दाखवलं नाही,” बाई म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, हिशेब लागल्यासारख्या: “त्याच साली नदीवरनं पाइपलाइन ओढली होती. मोटरीचं कर्ज होतं.”

मला वाटलं आता त्या उठतील. पण बाईंमधली शिक्षिका जागी झाली. “याच्या आधीचं काढा,” म्हणाल्या. आणि पुढचे दोन तास आम्ही तिघं त्या वह्यांवर वाकून बसलो. १९५८ मध्ये वाड्यातल्या एका मुलीचं लग्न: फक्त चार लुगडी आणि एक धोतरजोडी, तीही स्वस्तातली. बाईंच्या खर्ड्यात हे लग्न दीड ओळीत उरकलेलं, ‘साधेपणानं झालं’ म्हणून. साधेपणा कुठून आला ते वहीत दिसत होतं; आदल्याच साली एप्रिल उजाडला होता. पुढं ऐंशीच्या दशकात सगळं रोख, एकदम, वर भाव न करता. ऊस बोलत होता. घराण्याची जी चढउतार बाईंनी सहाशे पानांत मांडली होती ती इथं लुगड्यांच्या संख्येत होती, आणि बाईंच्या आवृत्तीपेक्षा चोख. हे मी तोंडावर बोलले नाही, पण बाई बोलल्या.

नातू एव्हाना गल्ला सोडून आमच्यामागं उभा होता. त्यालाही हे नवीनच. “दादा, तुम्ही मला कधी वाचून दाखवलं नाही.”

“तू इचारलास कधी?”

मग शेठनी खर्ड्याकडं बोट दाखवलं. “वैनीसाब, ह्यात माझं लगीन न्हाई व्हय? तुमचं सासरं आल्ते की. पैला आहेर त्यांचा हुता.”

बाईंनी माझ्याकडं बघितलं. मी वंशावळीचा कागद सोबत आणला होता. त्याच्या कोऱ्या उजव्या बाजूला लिहायला सुरुवात केली. सिंधमधल्या शिकारपूरचे आजोबा, ते तिकडंच राहिले. वडील, गठ्ठा खांद्यावर घेऊन आठवडी बाजार फिरणारे. आई पापड लाटून विकायची. दोन भाऊ, एक उल्हासनगरला गेला. शेठ स्वतः दहा वर्षांचे असताना बराकीत आले. एका खोलीत मधे गोणपाट बांधून दोन बिऱ्हाडं. आणि एक गोष्ट त्यांनी अशी सांगितली की नातवाचंही लक्ष त्या दिवशी पुन्हा संगणकाकडं गेलं नाही: दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा होत्या, एकावर एक, शेजारी परकी अक्षरं. आधी राहून गेलेल्या कुणा पोराची उंची. “मी रोज पाठ लावून हुबा ऱ्हायचो. वरची रेघ काय गावंना. गावली तवर आमी बराक सोडली.”

गोड तेवढंच सांगितलं असं नाही. आबांच्या विहिरीवर छावणीतल्या लोकांना पाळी लावलेली होती आणि ती भर दुपारची. पायाला चटके बसायचे. “तुमच्या पुस्तकात आबा लई द्येवमानूस हाय,” शेठ म्हणाले, “हुताच. पर पाळी दुपारचीच हुती.” बाईंनी तेही लिहून घेतलं.

त्यानंतर कादंबरी पुन्हा लिहायला बाईंना वर्ष लागलं. लग्नाचं प्रकरण राहिलं, पण आता त्यातला बस्ता उधारीचा आहे आणि ते फक्त सासऱ्याला आणि शेठला ठाऊक आहे; त्यामुळं त्या पंक्तींना आधी नव्हती ती धार आली. शेठच्या घराला नावं आली, चार पिढ्या आल्या. बाईंच्या मुलाचा पुण्याहून फोन आला, घराची लाज चव्हाट्यावर कशाला म्हणून. बाईंनी त्याला, तू आधी वाच, एवढंच ऐकवलं. इकडं दुकानाच्या नातवालाही काळजी, जुन्या उधारीच्या वह्या छापून आल्या तर जीएसटीवाले विचारतील का! त्याची समजूत घालणं सोपं गेलं.

शेवटचा तंटा वेगळाच होता. बाईंना ती उधारी कादंबरीत न फिटलेली ठेवायची होती. वाड्याच्या डोक्यावर कायमची, म्हणजे परिणाम साधतो. मलाही ते पटलं होतं. पक्का खर्डा शेठना वाचून दाखवला तर ते गादीवरून उठून बसले. “असं न्हाई चालायचं. तुमच्या सासऱ्यांनी पै न पै दिली. अठ्ठ्याहत्तर साली, गुळाच्या पट्टीतनं. खातं बंद केल्याली रेघ हाय माझ्याकडं. फिटलं म्हणून लिवा, न्हाईतर माझं नाव काढून टाका.”

म्हणून आता ते फिटलं असंच छापायला गेलंय. मधल्या पाच वर्षांचं व्याज घेतलं होतं का, असं बाईंनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा शेठना ऐकू आलं नाही.