रोजचे चार तास

"काऊन रडून राहिलं बाप्पा? दे तिच्याजवळ, माय आहे, तिले समजते."

नागपुरात बाळंतिणीच्या खोलीत हे वाक्य दिवसातून दहा वेळा तरी कानावर पडतं. जिच्याबद्दल ते बोललं जातं तिला पहिल्या आठवड्यात बहुधा काहीच समजत नसतं. टाके ओढत असतात, सलग दोन तास झोप मिळालेली नसते, आणि हातातलं अडीच किलोचं गाठोडं का रडतंय याची तिला तेवढीच कल्पना असते जेवढी दाराशी उभ्या असलेल्या नवऱ्याला. त्याला कुणी विचारत नाही, म्हणून त्याचं न समजणं लपून जातं. तिचं उघडं पडतं.

रडणं ओळखण्याचीच गोष्ट घ्या. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१३ साली फ्रान्स आणि काँगोमधल्या आईवडिलांना अनेक बाळांच्या रडण्यातून स्वतःचं बाळ ओळखायला लावलं. रोज चार तासांहून जास्त वेळ बाळाजवळ असणारे बाप आईइतकंच अचूक ओळखत होते. त्याहून कमी वेळ असणारे बाप मागे पडले. कान बाईचा की पुरुषाचा याने फरक पडला नाही, तासांनी पडला.

याच्या कितीतरी आधी, १९६७ साली, अमेरिकेत संशोधक जे रोझेनब्लाट यांनी कधीच न व्यालेल्या उंदराच्या माद्यांजवळ रोज नवी पिल्लं ठेवली. सुरुवातीला त्या लांब पळत. साधारण आठवडाभरात त्याच माद्या पिल्लांना चाटू लागल्या, तोंडात धरून जागेवर आणू लागल्या, त्यांच्यावर पांघरून बसू लागल्या. नरांमध्येही हे दिसलं. व्यालेली मादी मात्र पहिल्याच दिवशी तयार असते. म्हणजे संप्रेरकं (हार्मोन्स) काहीच करत नाहीत असं मुळीच नाही. ती सुरुवात सोपी करून देतात, पुढचं काम सहवासाचं. आणि माणसात ही सुरुवातही प्रत्येकीची सारखी नसते. लंडनमधल्या एका अभ्यासात (१९८०) सुमारे ४० टक्के पहिलटकरणींनी सांगितलं की बाळ पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा मनात फारसं काही उमटलंच नाही. त्यातल्या बहुतेकींना आठवडाभरात माया वाटू लागली. हा आकडा खरं तर प्रसूतिकक्षाच्या भिंतीवर रंगवून ठेवायला हवा.

दुधाचंही तसंच. वार पडली की प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक झपाट्याने उतरतं आणि दूध तयार होण्याचा मार्ग मोकळा होतो. भरभरून दूध यायला तरी दोन ते चार दिवस लागतात. पहिलं बाळंतपण किंवा सिझेरियन असेल तर आणखी थोडा उशीर. तोवर जो घट्ट पिवळसर चीक येतो तो थोडाच असतो, कारण पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी चहाच्या चमचाभराहून फारसं जास्त लागतही नाही. "दूधच नाही हिला" हा निकाल पहिल्या रात्रीच लागतो आणि दुधाच्या पावडरचा डबा उघडला जातो. वरचं दूध पोटात गेलं की बाळ पुढच्या वेळी उशिरा ओढतं, स्तन रिकामा होत नाही, आणि रिकामा होत नाही तो भरतही नाही. चार दिवसांनी निकाल खरा ठरतो.

शरीर दूध बनवतं, पाजणं मात्र शिकावं लागतं. दोघांनाही, कारण बाळही नवखंच असतं. आईने पाठ टेकून बसावं, पुढे वाकू नये. बाळाचं पोट आईच्या पोटाला चिकटलेलं. कान, खांदा आणि कंबर एका रेषेत. मान वळवून पाणी प्यायलात की घोट कसा अडकतो, बाळाचंही तसंच होतं. हात मानेच्या आणि खांद्यांच्या मागे ठेवा, डोकं मागून ढकलू नका, ढकललं की बाळ उलट मागे ताणतं. नाक स्तनाग्रासमोर येऊ द्या, वरच्या ओठाला हलका स्पर्श करा, आणि थांबा. हे थांबणंच लोकांना जमत नाही. जांभई दिल्यासारखं तोंड मोठं उघडलं की हनुवटी आधी टेकेल असं बाळाला स्तनाकडे आणा. स्तन बाळाकडे नेऊ नका. नीट लागलं असेल तर खालचा ओठ बाहेर वळलेला दिसतो, स्तनाग्राभोवतीचा काळा भाग वरून जास्त आणि खालून कमी दिसतो, गाल भरलेले असतात. आधी भरभर चोखणं, मग संथ, खोल ओढ आणि मधेच गिळल्याचा बारीक आवाज. गालाला खळी पडत असेल, चुकचुक आवाज येत असेल किंवा पहिल्या काही ओढींनंतरही दुखतच असेल, तर बाळाने फक्त टोक धरलंय. ओढून सोडवू नका. करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून हिरड्यांमध्ये सरकवा, पकड सुटेल. मग पुन्हा पहिल्यापासून. भेगा पडतात त्या बहुतेक याच चुकीने, "कातडी नाजूक" म्हणून नव्हे.

घरातली मोठी बाई एक उपाय हमखास सांगते: दोन बोटांच्या कात्रीत स्तन धर म्हणजे बाळाचं नाक मोकळं राहील. त्या कात्रीनेच टोक बाहेर ओढलं जातं आणि पकड उथळ होते. नाक दबतंय असं वाटलं तर बाळाचं ढुंगण आईकडे जवळ ओढा, नाक आपोआप सुटतं.

पोट भरतंय की नाही हे आईच्या अंतःकरणाला विचारू नका, लंगोट मोजा. पहिल्या दिवशी एक ओला, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन, पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त, लघवी फिकट. पाजणं दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा. वजन सुरुवातीला ७ ते १० टक्क्यांपर्यंत उतरतं आणि दोन आठवड्यांच्या आसपास जन्माच्या वजनावर परत येतं. त्याहून जास्त उतरलं, किंवा बाळ पाजायला उठतच नसेल, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे. भिंतीवरच्या कालनिर्णयावर रेघोट्या मारल्या तरी पुरतं, आणि या रेघोट्या बाळंतिणीने मारायची गरज नाही.

मे महिन्यातल्या बाळंतपणाचं नागपुरात वेगळं बघावं लागतं. पारा ४५ च्या पुढे जातो आणि "घसा सुकला असेल लेकराचा" म्हणून चमच्याने पाणी पाजलं जातं. सहा महिन्यांपर्यंत पाण्याची गरज नाही, आईच्या दुधात जवळजवळ ८८ टक्के पाणीच असतं. उन्हाळ्यात जास्त वेळा पाजायचं, एवढंच. पाणी द्यायचं ते आईला. काही घरांत पोट सुटू नये म्हणून बाळंतिणीचं पाणी तोडतात. या शहरात उन्हाळ्यात तो शुद्ध अन्याय आहे. कूलर चालू ठेवा, झोत थेट अंगावर नको, खिडकी थोडी उघडी असू द्या, नाहीतर खोली दमट होते. बाळाला गरम होतंय का हे मानेला आणि छातीला हात लावून पाहायचं. तळहात-तळपाय थंड असणं नेहमीचं. मेमध्ये कानटोपी-स्वेटर कशाला? आणि कोळशाची शेगडी बंद खोलीत कुठल्याच ऋतूत नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

हे सगळं पूर्वीच्या बायकांना "उपजत" कसं येत होतं? येत नव्हतंच. जुन्या नागपुरातल्या महाल भागात, वाड्यात वाढलेल्या मुलीने दहाव्या वर्षापर्यंत दोन-तीन भावंडं, चार चुलतभावंडं कडेवर खेळवलेली असत. पहिलं मूल होईपर्यंत तिचे शेकडो तास भरलेले असत, फक्त ते कुणी मोजले नाहीत. आज बेसा-मनीषनगरसारख्या नव्या वस्तीतल्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या मुलीच्या हातात आलेलं पहिलं तान्हं बहुतेकदा तिचं स्वतःचंच असतं. तिच्यात माया कमी नाही, सराव शून्य आहे. मालीशवाली आणि आजी ही पोकळी भरतात, आणि चांगली भरतात. अंग शेकणं, डिंकाचे लाडू, सव्वा महिना हातपाय हलवू न देणारा आराम (अधूनमधून चालणं मात्र हवं) यात वाईट काही नाही. नाकाकानात तेल, डोळ्यांत काजळ, घुटी, मध, आणि तान्ह्याची छाती पिळून "दूध काढणं" या गोष्टींना तेवढं ठामपणे नको म्हणा. छाती पिळल्याने गळू होऊ शकतं.

आता बापाचे चार तास. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. ती नागपूरला, तो पुण्यात नोकरीला, बारशाला दोन दिवस येतो, लेकराला कडेवर घेऊन फोटो काढतो आणि जातो. अडीच-तीन महिन्यांनी दोघं एकत्र येतात तेव्हा तिचे हजार तास झालेले असतात, त्याचे वीस. मग ते वाक्य खरंच होतं: तिला समजतं. त्याला येत नाही म्हणून तो करत नाही, करत नाही म्हणून येत नाही. मेंदूवरच्या एका अभ्यासात (२०१४) बाळाची मुख्य देखभाल स्वतः करणाऱ्या पुरुषांच्या मेंदूतलं धोक्याची चाहूल घेणारं केंद्र आयांइतकंच जागं झालेलं दिसलं. बाळ सांभाळून ही जागृती पुरुषातही येते, पण फोनवर बाळ पाहून येत नाही.

जमेल तितकी सुट्टी तुकड्यांत घ्या, आणि माहेरच्या घरी पाहुण्यासारखे बसू नका. पाजणं सोडून सगळं बापाला येऊ शकतं: ढेकर काढणं, लंगोट, अंघोळ, झोपवणं. रात्री नऊ ते एक ही वेळ आपली ठरवून घ्या. बाळ उठलं की तुम्ही उठायचं, पाजायला आईजवळ न्यायचं, नंतर ढेकर आणि लंगोट तुमचा. आईला मधले तुकडे तरी झोपता येतात. बाळ कमी वजनाचं असेल तर कांगारू पद्धत, म्हणजे बाळाला उघड्या छातीला चिकटवून ठेवणं, बापानेही करावी. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटात इन्क्युबेटर कमी पडत होते, तिथून ही आली. बाळाच्या अंगावर फक्त लंगोट आणि टोपी, बापाची छाती उघडी, बाळ दोन्ही स्तनांच्या मधे उभं, पाय बेडकासारखे दुमडलेले, डोकं एका बाजूला वळवलेलं, हनुवटी किंचित वर. हनुवटी छातीवर टेकली तर श्वासनलिका दबते, म्हणून तेवढंच सारखं पाहत राहायचं. वरून मऊ सुती साडीचा पट्टा बाळाच्या कानापर्यंत घट्ट गुंडाळा. जागतिक आरोग्य संघटना दिवसाचे किमान आठ तास सांगते. आई आणि बाप मिळून भरले तरी चालतात. छातीवर घेतल्यावर झोप येत असेल तर बाळ खाली ठेवा किंवा दुसऱ्याकडे द्या.

माया येतच नसेल तर? तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येणं, चिडचिड हे बहुतेकींना होतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढेही रडू थांबत नसेल, बाळ झोपलेलं असतानाही झोप येत नसेल, बाळाबद्दल काहीच वाटत नसेल किंवा "मी नसते तर बरं" असं मनात येत असेल, तर ते प्रसूतिपश्चात नैराश्य असू शकतं. भारतातल्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा (२०१७) सांगतो की हे सुमारे २२ टक्के बाळंतिणींना होतं. दहा प्रश्नांची एडिंबरा प्रश्नावली डॉक्टर पाच मिनिटांत भरून घेऊ शकतात. उपचार आहेत आणि पाजत असतानाही चालणारी औषधं आहेत. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो. जिवाचा विचार, भलतेच भास किंवा बाळाला इजा करण्याचे विचार आले तर त्याच दिवशी मेडिकल किंवा मेयो या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांच्या मानसोपचार विभागात न्या. "आई असून असं कसं वाटतं तुला" हे वाक्य मात्र घरात कुणीही उच्चारू नये.

कायदाही अजून तासांचा हिशोब बाईच्याच नावावर मांडतो. प्रसूती लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने आईला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा आली. केंद्र सरकारच्या नोकरीत बापाला १५ दिवस, आणि खासगी कंपनीत मालकाच्या मर्जीवर. एसटी स्थानकावरच्या पाजण्याच्या खोलीचं नावही हिरकणी कक्ष. कडा उतरून आलेल्या हिरकणीची गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो, ती गडावर दूध विकायला गेली तेव्हा तिचं लेकरू कुणी धरलं होतं हे गोष्टीत कुणी विचारत नाही. खोलीत आतून लागणारी कडी, पाठ टेकता येईल अशी खुर्ची, पंखा आणि नळ एवढं असलं की पाजायला पुरतं. लंगोट बदलायचं टेबल मात्र बाहेर हवं, पुरुषांनाही जाता येईल अशा ठिकाणी.